फ्लूमची पट्टी २२ सेंमी दाखवते, तरी टेलला पाणी नाही: चूक नेमकी कुठे शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यात पैठणच्या डाव्या कालव्याच्या एका मायनरवर (छोट्या फाट्यावर) पाणी वापर संस्था आहे. मायनरच्या मुखाशी एक फुटी पार्शल फ्लूम (एक फूट रुंद गळ्यात पाणी आवळून मोजायचा मार्ग) आहे आणि त्यावरूनच पाणी मोजून मिळतं. रब्बीच्या आवर्तनात दहा दिवस पट्टी (पाण्याची उंची दाखवणारी मोजपट्टी, म्हणजे गेज) कायम २२ सेंमीवर होती, पाणीपट्टीही त्याच हिशोबाने लागली, पण टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्यांची एक पाळीसुद्धा धड झाली नाही. आता काही सभासदांचं म्हणणं आहे की फ्लूम काढून व्ही-नॉच (V आकाराची खाच असलेला पत्रा) लावा, तो पक्का मोजतो. काय करावं?

आधी फ्लूम काढायचा विचार बाजूला ठेवा. यंत्र बदललं तरी ज्या कारणांनी हा फ्लूम चुकतोय त्याच कारणांनी नवं यंत्रही चुकेल. त्यापेक्षा चूक कोणत्या बाजूला झुकते आहे ते शोधा. मोजणीतली प्रत्येक चूक एका ठरलेल्या दिशेला जाते: काही चुका संस्थेच्या खिशातून जातात, काही पाटबंधारे खात्याच्या. दिशा कळली की अर्धं काम झालं.

हिशोबापासून सुरुवात करू. एक फुटी पार्शलमध्ये पट्टी २२ सेंमी म्हणजे सेकंदाला साधारण ६९ लिटर, म्हणजे जवळपास २.४४ क्युसेक (एक क्युसेक म्हणजे २८.३२ लिटर प्रति सेकंद). दिवसाला ५,९६० घनमीटर, दहा दिवसांत साठ हजारांच्या घरात. एका पाळीला ७.५ सेंमी पाणी धरलं तर हेक्टरी ७५० घनमीटर लागतं, म्हणजे या पाण्यात गळती न धरता ८० हेक्टर भिजायला हवं. तुमच्या नोंदीत किती भिजलं ते लिहून काढा. पन्नास-पंचावन्न असेल तर तफावत आहे, पण ती सगळी मोजणीची नसते. सरीला पाणी सोडून ठेवलं की शेतात दहा-बारा सेंमी सहज जातं. तरीही तपासणी मुखापासूनच करायची, कारण बिल तिथल्या आकड्यावर येतं.

पहिला संशय पट्टीच्या शून्यावर घ्या. पार्शलच्या पट्टीचं शून्य म्हणजे फ्लूममध्ये पाणी शिरतं त्या, निमुळत्या होत जाणाऱ्या भागाची सपाट फरशी. चारीचा तळ नव्हे, गळ्यातला उताराचा खड्डा नव्हे. आणि पट्टी असते कुठे? फरशी संपून गळा सुरू होतो त्या काठापासून, बाजूच्या भिंतीला धरून मागे ९१.४ सेंमीवर. एक फुटी फ्लूमला हेच माप. गळ्याशी पट्टी लावली तर तिथे पाणी खाली उतरलेलं असतं, आकडा कमी येतो. फार मागे लावली तर आकडा थोडा जास्त येतो आणि उंचीवरून प्रवाह काढायचा तक्ता लागू होत नाही.

शून्य तपासायला लेव्हल मशीन लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, पाच-सहा मीटर, आणि पाणी भरताना बुडबुडे पूर्ण जाऊ द्या. एक बुडबुडा अडकला तरी सेंटिमीटरची चूक होते. चारी कोरडी असताना फरशीवर गळ्याच्या काठाशी स्टीलची फूटपट्टी उभी धरा, नळीचं एक टोक तिला लावा, दुसरं गेजच्या पट्टीला. फूटपट्टीवर पाणी १५ सेंमीवर असेल तर गेजवरही १५ च यायला हवं. तिथे १७ आलं तर पट्टी २ सेंमी खाली बसलेली आहे आणि प्रत्येक वाचन २ सेंमी जास्त येतंय.

या दोन सेंमीचं मोल बघा. पट्टीवर २२, खरं पाणी २० सेंमीचं: ६९ ऐवजी ५९.६ लिटर. सेकंदाला साडेनऊ लिटरला थोडं कमी, दिवसाला ८०० घनमीटर, दहा दिवसांत आठ हजार. पंधरा-सोळा टक्क्यांची तफावत, आणि सुमारे पावणेअकरा हेक्टरांची एक पाळी. दोन बोटांच्या फरकाने टेलची सगळी शेतं कोरडी राहू शकतात.

पट्टी खाली का बसते? आपली भारी काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्याबरोबर काठावर रोवलेला खांब हलतो. पट्टी खांबाला न लावता फ्लूमच्या भिंतीलाच किंवा फ्लूमला जोडून बांधलेल्या शमन विहिरीत (नळीने चारीला जोडलेल्या, पाणी संथ ठेवणाऱ्या छोट्या हौदात) असेल तर दोन्ही एकत्र हलतात आणि चूक बरीच कमी राहते. उलट प्रकारही होतो: फ्लूमचं काँक्रीट खाली बसतं आणि पट्टी स्वतंत्र खांबावर जागच्या जागी राहते. मग आकडा कमी येतो आणि नुकसान खात्याचं. नव्याने फ्लूम बसवताना पायाखालची काळी माती निदान फूट-दीड फूट काढून तिथे मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस करणं आणि बाजूंनाही मुरूमच भरणं हे काम ठेकेदार सगळ्यात आधी टाळतो. तेव्हा मुरूम पडतोय की नाही हे त्याच दिवशी तिथे उभं राहून बघा. काँक्रीट झाल्यावर दिसत नाही.

फुगणारी माती आणखी एक काम करते, ते कोणी मोजत नाही. ती भिंतींना आत ढकलते. पत्र्याच्या फ्लूममध्ये हे जास्त. गळा वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी टेपने मोजा. एक फूट म्हणजे ३०.५ सेंमी हवं. मधोमध २९.५ निघालं तर तीन टक्के पाणी कमी जातंय आणि तक्ता मात्र ३०.५ चं बिल लावतोय.

आता दुसरं कारण, आणि माझा जास्त संशय इथेच आहे: फ्लूम बुडतोय.

फ्लूम मोजतो कसा ते एकदा नीट समजून घ्या, मग बाकी आपोआप उलगडेल. गळ्यात पाणी आवळलं जातं, वेग घेतं आणि त्या वेगाला खालच्या बाजूची पातळी मागे ढकलू शकत नाही. म्हणून वरच्या एका पट्टीवरून पूर्ण प्रवाह कळतो. पण खालची पातळी प्रमाणाबाहेर वर आली की ती गळ्यातून मागे दाबते, वरचं पाणी फुगतं, आणि पट्टी फुगलेल्या पाण्याचा आकडा दाखवते. प्रवाह मात्र तेवढा नसतो. फ्लूम बुडाला की चूक नेहमी एकाच दिशेला: पट्टी जास्त दाखवते, भुर्दंड संस्थेला.

मर्यादा अशी. खालची पट्टी (गळ्याच्या खालच्या टोकाशी) आणि वरची पट्टी, दोन्ही एकाच शून्यावरून म्हणजे त्याच सपाट फरशीवरून मोजायच्या. एक ते आठ फुटी पार्शलला खालचं वाचन वरच्याच्या ७० टक्क्यांपर्यंत चालतं. सहा आणि नऊ इंचीला ६० टक्के. वर २२ आणि खाली १५ असेल तर ६८ टक्के, ठीक. खाली १८ असेल तर ८२ टक्के, म्हणजे मुक्त (खालचं पाणी मागे न दाबणाऱ्या) प्रवाहाचा तक्ता लावायचाच नाही, बुडीत प्रवाहाची दुरुस्ती करून बिल काढायचं. ९० टक्क्यांच्या पुढे गेलं की माझ्या मते त्या आकड्यावर कोणी सही करू नये. पट्टी अर्धा सेंमी हलली तरी उत्तर कुठल्या कुठे जातं. बहुतेक ठिकाणी खालची पट्टी बसवलेलीच नसते, आणि म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. पट्टी नसेल तर निदान डोळ्यांनी बघा: गळ्याच्या पुढे पाणी उसळी मारून पांढरं होत असेल तर बहुधा मुक्त आहे. फ्लूममधून पाणी संथ, सपाट, आरशासारखं जात असेल तर बुडालाय असं समजा.

बुडायचं कारण बहुतेक वेळा फ्लूमच्या खाली शंभर-दोनशे मीटरच्या आत सापडतं. पाणकणीस माजलेलं असतं. बेशरमाच्या फांद्या आडव्या पडलेल्या असतात. नाहीतर पहिल्या-दुसऱ्या दारावरचा शेतकरी आपल्या दारातून जास्त पाणी ओढावं म्हणून चारीत दगड आणि मातीची पोती आडवी टाकतो. त्याने आपल्यापुरतं पाणी फुगवलेलं असतं, पण ती फुग मागे फ्लूमपर्यंत पोचते आणि सगळ्या संस्थेचं बिल वाढवते. टेलवाल्याचं दुहेरी नुकसान: पाणी वरच वळलं, आणि न मिळालेल्या पाण्याचं बिल त्याच्याही वाट्याला आलं. आवर्तन चालू असताना पोती काढायला लावा आणि अर्ध्या-एक तासाने वरचं गेज पुन्हा वाचा. मुखाच्या दाराला हात न लावता २२ चं १९ झालं, तर कारण सापडलं.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. मुखाच्या दाराला लागूनच फ्लूम असेल तर दाराखालून येणारी धार तिरकी आत शिरते, पट्टीवर पाणी नाचतं, वाचणारा मधला आकडा अंदाजाने टाकतो. फ्लूमच्या आधी चारीच्या रुंदीच्या दहापट सरळ लांबी हवी. नसेल तर दारापुढे विटांची जाळीदार भिंत उभी केली तरी धार मोडते. फ्लूमच्या कडेने खेकड्यांची आणि घुशींची बिळं असतात. आवर्तनाच्या पहिल्या दिवशी भेगांतून फ्लूमला वळसा घालून पाणी जातं, ते मोजलं जात नाही, तेव्हा तिथे तक्रार खात्याने करायची असते.

शमन विहिरीची एक सोपी परीक्षा आहे, ती दर आवर्तनाला करा. चालू पाण्यात विहिरीत एक बादली पाणी ओता. पातळी वर जाईल आणि दोन-तीन मिनिटांत जुन्या खुणेवर परत यायला हवी. आली नाही, तर चारीला जोडणारी नळी गाळाने बुजली आहे आणि पट्टीवर दिसतोय तो कालचा, नाहीतर परवाचा आकडा. दहा दिवस पट्टी "कायम २२" होती असं तुम्ही म्हणता. कालव्यात पाणी एवढं स्थिर सहसा राहत नाही. ही बादली सगळ्यात आधी ओता.

आता व्ही-नॉचकडे. त्याच्या बाजूने बोलायचं तर छोट्या प्रवाहाला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. ९० अंशांच्या नॉचला सेंमीतल्या उंचीचा अडीचवा घात काढून ०.०१३८ ने गुणलं की लिटर प्रति सेकंद मिळतात: १० सेंमीला ४.४, १५ ला १२, २० ला २४.७, २५ ला ४३, ३० ला ६८. विहिरीच्या पंपाचं पाणी, शेततळ्यात पडणारं पाणी, एकट्या दाराचा प्रवाह, इथे तो लावा. पण तुमच्या मायनरला ६९ लिटर सोडायचे तर नॉचवर ३० सेंमी पाणी उभं राहायला हवं, आणि खालचं पाणी नॉचच्या टोकाच्या निदान ५ सेंमी खाली हवं. म्हणजे ३५ सेंमीचा उतार तिथल्या तिथे खर्च होणार. परभणीकडच्या सपाट चारीत तो आणणार कुठून? वरची चारी फुगून काठावरून सांडेल. शिवाय नॉचमागे गाळ साठतो. गाळ साठला की पाणी वेगाने चालून येतं, उंची कमी दिसते आणि नॉच खऱ्यापेक्षा कमी मोजतो. सभासदांना ही चूक गोड वाटेल, पण कालवा निरीक्षकाला एकदा कळली की मग प्रत्येक वाचनावर भांडण.

उंचीतली चूकही नॉचमध्ये जास्त महाग पडते. १० सेंमीच्या जागी ११ वाचलं तर प्रवाह २७ टक्के जास्त निघतो. म्हणून नॉचचं शून्य "पाणी थांबल्यावर जिथे राहतं तिथे" असं कधीच धरू नका. पाणी टोकाला चिकटून तीन-पाच मिलिमीटर वर थांबतं. शून्य टोकाच्या भूमितीवरून घ्या, नळीने. पट्टी नॉचपासून मागे, जास्तीत जास्त उंचीच्या चौपट अंतरावर. कड एक-दोन मिलिमीटरची धारदार, खालच्या बाजूला तासलेली. गंजून गोल झालेली कड जास्त पाणी सोडते. आणि पाणी पत्र्यापासून सुटून पडलं पाहिजे, पत्र्याला चिकटून ओघळत असेल तर ते वाचन टाकून द्या.

बदलायचंच असेल, आणि मायनर अस्तरित असेल, तर मी लांब गळ्याचा, उंबऱ्याचा फ्लूम सुचवेन. चारीच्या तळावर काँक्रीटचा सपाट उंबरा, पाणी येतं त्या बाजूला तीनास एक चढ, बस. उंबरा प्रवाहाच्या दिशेने पाणसळीत सपाट हवा आणि त्याची लांबी जास्तीत जास्त पाण्याच्या उंचीच्या दीडपटीहून कमी नको. २० सेंमी उंचीला ३० ते ४५ सेंमी करा. पट्टीचं शून्य उंबऱ्याच्या माथ्यावर. अंदाजासाठी १.७ गुणिले रुंदी गुणिले उंचीचा दीडवा घात, सगळं मीटरमध्ये: ६० सेंमी रुंद उंबऱ्यावर १० सेंमीला सुमारे ३२ लिटर, १५ ला ५९, आणि तुमच्या ६९ लिटरला साडेसोळा सेंमी. पक्का तक्ता मात्र प्रत्यक्ष बांधून झाल्यावर मापं घेऊन करायचा, नकाशावरच्या मापांवरून नाही. याचं मोठेपण हे की खालचं पाणी वरच्याच्या ८०-९० टक्क्यांपर्यंत आलं तरी तो बुडत नाही. दोन-तीन सेंमी उतारात काम भागतं. पत्रा नसल्याने रात्रीत भंगारात जायची भीतीही नाही.

एक फिरता कटथ्रोट फ्लूम (ज्याच्या गळ्याला लांबी नसते) संस्थेकडे असावाच. तळ सपाट, करायला सोपा. ९० सेंमी लांब आणि २० सेंमी गळ्याचा घेतला तर आत शिरणारा भाग ३० सेंमी, बाहेर पडणारा ६०, दोन्ही टोकांची रुंदी ४० सेंमी. वरची पट्टी गळ्याच्या मागे २० सेंमीवर, खालची गळ्याच्या पुढे ५० सेंमीवर. वेल्डरकडून करून आणल्यावर गळा मोजूनच ताब्यात घ्या. वीस सेंमीत पाच मिलिमीटरची चूक म्हणजे अडीच टक्के. लांबी बदलली की तक्ताही बदलतो, दुसऱ्या मापाचा तक्ता चिकटवू नका.

याचा उपयोग असा: आवर्तनात दोन तास मधली सगळी दारं बंद ठेवून, मुखाचा आकडा आणि टेलला लावलेल्या कटथ्रोटचा आकडा एकाच वेळी घ्या. पाणी स्थिरावायला आधी तासभर द्या. मुखाची पट्टी आधी तपासून दुरुस्त केलेली असेल तर जो फरक येईल तो गळतीचा, आणि मग मोजणीचा दोष आणि चारीचा दोष वेगळा काढता येतो. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की बैठकीत नुसता आवाज चढतो.

मुखाच्या फ्लूमची ठोकळ पडताळणी तरंगत्या वस्तूनेही होते. सरळ, सारख्या मापाची दहा मीटर चारी निवडा, अर्धी पाणी भरलेली बाटली सोडा, पाच वेळा वेळ घ्या. सरासरी रुंदी ९० सेंमी, खोली २५ सेंमी आणि वेळ २५ सेकंद असेल तर क्षेत्रफळ ०.२२५ चौमी, पृष्ठवेग ०.४ मीटर, त्याला ०.८५ ने गुणून ०.३४, प्रवाह ७६ लिटर. यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतंच, म्हणून ६९ आणि ७६ म्हणजे जुळलं. ६९ च्या समोर ४५ निघालं तर फ्लूम खात्रीने बुडतोय किंवा पट्टी सरकली आहे.

नोंदवहीची एक चूक सगळीकडे दिसते. सकाळ-संध्याकाळच्या उंचीची सरासरी काढून तिचा प्रवाह काढतात. तसं करू नका. प्रत्येक वाचनाचा प्रवाह आधी काढा, मग प्रवाहांची सरासरी. नॉचवर बारा तास १० आणि बारा तास २० सेंमी असेल तर १५ चा प्रवाह १२ लिटर येतो, खरी सरासरी साडेचौदा. पार्शलमध्ये हा फरक कमी पडतो, पण पडतो. आणि रात्री मुखाचं दार हललं की दोन वाचनांत काहीच दिसत नाही. निदान पहिले दोन दिवस दर चार तासांनी पट्टी वाचा, वाचणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा.

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने मिळतं, तेव्हा मोजमाप तपासून मागण्यात संकोच नको. पुढच्या आवर्तनाच्या आधी, चारी कोरडी असताना, शाखा अभियंत्याला लेखी कळवून संयुक्त पाहणी मागा. नळी, स्टीलची फूटपट्टी आणि टेप संस्थेचीच न्या. पंचनाम्यात "फ्लूम नादुरुस्त" असं मोघम लिहू देऊ नका. शून्यातला फरक इतके मिलिमीटर, गळा वर-मध्ये-तळाशी इतका, पट्टीचं गळ्यापासून अंतर इतकं, खालची पट्टी आहे की नाही, असं आकड्यांत लिहून दोघांच्या सह्या घ्या. शून्य दुरुस्त करून भिंतीवर तेलरंगाने कायमची खूण करा. खालची पट्टी त्याच दिवशी बसवून मागा. इनॅमलची पट्टी आणि चार स्क्रू, एवढंच काम आहे.